वाळवंटात क्वाड बाईक: कराड-सांगलीकडच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला, पोरांच्या सहामाही परीक्षा जवळ आल्या की माझा फोन वाजायला लागतो. मी ट्रॅव्हल्सवाला नाही. कराडात माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. पण आजवर चार वेळा जैसलमेरला आणि एकदा दुबईला मित्रमंडळी, पाहुणे, गिऱ्हाईक अशा मिळून टोळ्या घेऊन गेलो, आणि दर वेळी वाळूत क्वाड बाईक चालवली. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

क्वाड बाईक म्हणजे नक्की काय? जीपसारखी असते का?

नाही. सीटवर घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, हातात स्टिअरिंग नाही तर हँडल, खाली चार फुगीर चाकं. काही जण हिला एटीव्ही म्हणतात. वजन साधारण २०० ते ३०० किलो. पर्यटकांना देतात त्या बहुतेक गाड्या स्कूटीसारख्या बेल्टवर चालणाऱ्या असतात, म्हणजे क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. एक दांडा असतो: पुढे, न्यूट्रल, मागे. हो, हिला रिव्हर्स असतो, आणि आमच्यातल्या निम्म्यांना पहिल्या दिवशी त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

टायरकडे मात्र बघा. आपल्या कारमध्ये ३० पीएसआयच्या पुढे हवा भरतात. क्वाडच्या टायरात तीन ते सहा. अंगठ्याने दाबलं तरी दबतो. त्यामुळे तो वाळूवर पसरतो आणि बुडत नाही, उंटाच्या पायासारखा. कुणी दुकानात ‘पंक्चर झालंय वाटतं’ म्हणून हवा भरून घेतली तर ती गाडी वाळूत निरुपयोगी.

आधी ही गाडी तीन चाकांची होती. होंडाने १९७० मध्ये आणली. ती इतकी उलटायची की अमेरिकेत १९८८ मध्ये तिची नवी विक्री थांबवावी लागली. चार चाकं आली ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. उलटण्याचा मुद्दा पुढे येतोच आहे.

मी बारा वर्षं बुलेट चालवतोय. कुंभार्ली घाट डोळे झाकून उतरतो. मला वेगळं काय शिकायचंय?

सगळंच. हे एक उत्तर वाचून बाकीचं सोडलंत तरी चालेल.

मी आजवर नेलेल्या लोकांत पहिल्या दिवशी पडलेले सगळे पट्टीचे बाईकस्वार होते. ज्यांना दुचाकी येत नव्हती ते घाबरत, सांगितलेलं ऐकत, हळू हळू नीट फिरून आले. कारण बाईकवरचं जे काही अंगात मुरलेलं असतं, ते क्वाडवर नेमकं उलटं पडतं. तीन सवयी सांगतो.

पहिली, पाय टेकवणं. बाईक कलली, थांबली, की आपला पाय आपोआप खाली जातो. विचारसुद्धा करत नाही आपण. क्वाडला तुमच्या पायाच्या मागेच मोठं चाक आहे. गाडी चालत असताना पाय खाली गेला की मागचं चाक टाचेवर चढतं आणि पाय गाडीखाली ओढला जातो. माझ्या पहिल्याच फेरीत, जैसलमेरजवळच्या समच्या धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, हे माझ्याबरोबर झालं. वेग अगदी कमी होता, वाळू मऊ होती, म्हणून बुटाचा तळ फाटण्यावर निभावलं. घोटा आठ दिवस सुजला होता. घरी मी उंटावरून उतरताना मुरगळला असं सांगितलं होतं. आता कळलंच सगळ्यांना.

दुसरी, मूठ पिळणं. बाईकला रेस मनगटाने देतात. क्वाडला उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबायची असते. मूठ फिरतच नाही. गाडी घसरायला लागली की बाईकवाला काय करतो, हँडल घट्ट आवळतो. घट्ट आवळलं की अंगठा दाबला जातो. अंगठा दाबला की गाडी आणखी जोरात पळते, मग माणूस आणखी आवळतो. सुरुवातीला पाच मिनिटं सपाट जागेवर फक्त अंगठा सोडायचा सराव करा. दाब, सोड. दाब, सोड. लोक हसतात, हसू द्या.

तिसरी, वळताना कलणं. बाईक वळणात स्वतःच आत कलते आणि आपण तिच्याबरोबर कलतो. क्वाड कलत नाही, चारही चाकांवर तशीच उभी राहते, आणि वेगात वळवली की तुम्हाला बाहेरच्या बाजूला फेकते. तिथे अंग तुम्हीच आत न्यायचं असतं: आतल्या बाजूला ढुंगण सरकवायचं, बाहेरच्या पायाने फूटरेस्ट दाबायचा, खांदा आत. पोत्यासारखे बसून राहिलात तर आतली दोन चाकं उचलतात.

मग ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सोपं जातं का?

थोडं. निदान एक गोष्ट त्याला लवकर समजते. पर्यटकांना मिळणाऱ्या बऱ्याच क्वाडना मागच्या दोन चाकांना एकच अखंड अॅक्सल असतो, डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. ट्रॅक्टर चिखलात रुतला की आपण डिफ लॉकचं पेडल दाबतो, आणि ते दाबून ठेवून वळायला गेलो की ट्रॅक्टर वळायचं सोडून सरळ ढकलतो, आठवतं? क्वाड कायम तशीच असते. म्हणून नुसतं हँडल फिरवून ती नीट वळत नाही. आतल्या चाकावरचा भार कमी-जास्त करून, अंग हलवून वळवावी लागते. हे वाळव्याच्या एका ऊस बागायतदाराला एका वाक्यात समजलं आणि त्याच्या पुण्यातल्या इंजिनिअर जावयाला संध्याकाळपर्यंत समजलं नाही.

धोऱ्यावर चढायचं आणि उतरायचं कसं?

वाळूच्या टेकडीला राजस्थानात धोरा म्हणतात. वारा एकाच दिशेने वाहून तो तयार होतो, म्हणून त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. ज्या बाजूने वारा येतो ती लांब, उताराची आणि बऱ्यापैकी घट्ट. शेंड्यावरून वाळू पलीकडे सांडते ती बाजू उभी, सुमारे ३० ते ३४ अंशांची, आणि पूर्ण भुसभुशीत. खळ्यात धान्याची रास ओतली की ती एका ठरावीक कोनापर्यंत उभी राहते आणि मग घरंगळते. हा तोच कोन.

घोटाळा असा की खालून चढताना दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. शेंड्यापलीकडे जमीन आहे की नाही ते दिसत नाही. नवखे लोक वेग धरून चढतात आणि त्याच वेगात हवेत जातात. मोठे अपघात होतात ते इथे.

चढताना सरळ चढायचं, तिरकं नाही. वेग पायथ्याशी घ्यायचा, उतारावर नाही, आणि अंग पुढे झुकवायचं, जमलं तर फूटरेस्टवर अर्धवट उभं राहून. शेंडा आला की अंगठा सैल करायचा, गाडी शेंड्यावर जवळजवळ थांबवायची, पलीकडे बघायचं आणि मगच उतरायचं. पलीकडे कुणी दुसरा चढत असू शकतो. चांगले आयोजक म्हणूनच प्रत्येक गाडीला मागे उंच काठीवर लाल झेंडा लावतात. शेंड्यापलीकडून गाडी दिसायच्या आधी झेंडा दिसतो.

उतरतानाही सरळ. अंग मागे. पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, गाडी तुमच्या डोक्यावरून पुढे येईल. तिरकं उतरायला गेलात तर खालच्या बाजूची चाकं वाळूत बुडतात आणि गाडी आडवी लोळते.

मध्येच चढावर दम सुटला तर? तिथे वळवायला जाऊ नका. हा मोह प्रत्येकाला होतो, कारण घाटात आपण तसंच करतो. ब्रेक धरा, चढाच्या वरच्या बाजूने उतरा, हात वर करा आणि गाईडची वाट बघा. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. भर दुपारी डोक्यावर ऊन असलं की वाळूवर सावली पडत नाही, सगळं सपाट पांढरं दिसतं, खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे ते डोळ्यांना कळत नाही. सकाळी आणि उन्हं कलल्यावर सावल्या लांब होतात आणि वाळूची वळी न वळी दिसते. लोक फोटोसाठी संध्याकाळची वेळ घेतात. मी घेतो ती खड्डे दिसावेत म्हणून.

गाडी रुतली तर काय करायचं?

रेस देणं थांबवायचं. एवढंच पन्नास टक्के काम आहे. चाक जागेवर फिरलं की ते स्वतःचीच विहीर खणतं. उतरा, चाकापुढची वाळू हाताने ओढून उतार करा, मागची बाजू दोघांनी उचलून शेजारी ठेवा. आपल्या मळीच्या चिखलातून ट्रॉली काढण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, पोत्याची गरज पडत नाही.

खरं सांगा, धोका किती?

खरा आहे. पडण्यापेक्षा पडल्यानंतर अंगावर येणाऱ्या गाडीचा. अडीचशे किलो छातीवर आले तर वाळू मऊ असून काही उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी ही गाडी शेतावर वापरतात, आणि तिथे चिरडून इतके मृत्यू झाले की ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या नव्या क्वाडना चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट बसवणं सक्तीचं केलं. पर्यटनाच्या गाड्यांना ती बहुधा नसते.

हेल्मेट, बंद बूट, सपाट जागेवर आधी सराव आणि शेंड्यावर थांबायची शिस्त, एवढं पाळलं तर मी माझ्या पोरीलाही बसवतो. न पाळणाऱ्याला मी पुढच्या खेपेला नेत नाही. मेहुणा त्यात आला.

लायसन लागतं का?

आयोजकाच्या आखलेल्या जागेत फिरताना सहसा मागत नाहीत. पण ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. आपल्याकडे पर्यटनाच्या क्वाडना रस्त्याची नोंदणी नसते, आणि दुबईतही त्या सार्वजनिक रस्त्यावर चालवायला बंदी आहे. समजा कुणी म्हणालं, ‘साहेब, रस्ता ओलांडून पलीकडे मोठे धोरे आहेत, चला’, तर नको म्हणा.

जाता जाता: बातम्यांत ‘क्वाड्रिसायकल’ असा शब्द येतो तो वेगळा. बजाजची क्यूट गाडी त्या वर्गात मोडते. तिला छप्पर आणि दारं असतात. तिचा आणि हिचा संबंध फक्त चार चाकांपुरता.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, गावाकडे बिनधास्त स्कूटी फिरवतो. त्याला चालवू द्यावी का?

मोठ्यांच्या गाडीवर नाही. त्या गाडीवर कंपनीनेच लावलेला इशारा असतो की सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये. प्रश्न धाडसाचा नसून वजनाचा आहे. अंग सरकवून गाडी सावरायची तर अंगात तेवढं वजन हवं ना. मुलांसाठी लहान इंजिनच्या वेगळ्या गाड्या मिळतात. त्यातही अंगठ्याच्या पट्टीपाशी एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की पट्टी पूर्ण दाबलीच जात नाही, म्हणजे वेग आपोआप मर्यादित. आयोजकाला तो स्क्रू लावायला सांगा. त्याला माहीत नसेल तर तिथून निघा.

आणि गावाकडे तेराव्या वर्षी स्कूटी फिरवणं, त्याबद्दल मी बोलत नाही. पोलीस बोलतील.

मागे बायको बसली तर चालेल का?

एकाच माणसासाठी बनवलेली गाडी असेल तर नाही. सीट लांब दिसते ती तुम्हाला पुढे-मागे सरकता यावं म्हणून, सवारीसाठी नाही. दोघांसाठीच्या क्वाड असतात, त्यांना मागे वेगळी बैठक आणि धरायला कड्या असतात.

पण वहिनींना मागेच का बसवायचं? आमच्या तिसऱ्या सहलीत सगळ्यात सुरेख गाडी तासगावच्या एका बाईंनी चालवली. द्राक्षबागेत औषध फवारणीचा छोटा ट्रॅक्टर रोज ओळींमधून काढतात त्या. नवरा दोन वेळा रुतला, त्या एकदाही नाही.

माझ्या मणक्यात गॅप आहे. जमेल?

डॉक्टरांना विचारा, मला नाही. माझ्यापुरतं सांगतो: वाळू लांबून गादीसारखी दिसते, पण वाऱ्याने पडलेल्या बारीक वळ्यांवरून गाडी गेली की कंबरेला खडखडाट बसतो. मानेचं, कंबरेचं दुखणं, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर बसू नये. दमा असेल तर इन्हेलर खिशात, बॅगेत नाही.

जैसलमेर की दुबई?

पहिल्यांदा जात असाल तर जैसलमेर. खर्च कमी, भाषा आपली, आणि क्वाडशिवाय किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव बघायला आहे. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर समचे धोरे आहेत. गर्दी तिथेच. खुरी गावाकडचे धोरे जास्त शांत. खरं सांगायचं तर समला मोकळी वाळू वाटते त्यापेक्षा कमी आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिथे उंट, जीपा, क्वाड आणि डीजे यांची जत्रा भरते. दिवाळीनंतरचा आठवडा धरा.

दुबईकडे वाळूचा आवाका वेगळाच. दुबईहून हट्टा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल बदायेरला ‘बिग रेड’ म्हणून प्रचंड लालसर धोरा आहे. तो लाल रंग लोहाच्या गंजाचा, वाळूच्या कणांवर त्याचा पातळ लेप असतो. गाड्या तिथे दमदार मिळतात. म्हणूनच नवख्यांनी तिथे सुरुवात करू नये. कराडातल्या एकाने पहिल्याच दिवशी ७०० सीसीची गाडी मागितली होती. दिली त्यांनी. पंधरा मिनिटांत परत आणून स्वतःच म्हणाला, ‘छोटी आहे का?’

कधी जायचं आणि जायचं कसं?

दोन्हीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये जैसलमेरचा पारा ४५ च्या आसपास जातो, वाळूला हात लावता येत नाही. जानेवारीत उलट गंमत: दुपारी टी-शर्ट आणि रात्री तंबूत पाच-सात अंश. महाबळेश्वरला जातो म्हणून भरलेली स्वेटरची पिशवीच इथे न्या.

बेंगळुरूहून जोधपूर आणि अजमेरकडे जाणाऱ्या काही गाड्या मिरज-पुणे मार्गे जातात. त्या रोज नसतात, म्हणून आधी वार बघा आणि मग सुट्टी टाका. आपण नेहमी उलटं करतो. एक दिवस, एक रात्र आणि वर थोडा प्रवास धरा. जोधपूरपासून जैसलमेर रस्त्याने २८० किलोमीटरच्या आसपास, रेल्वेही आहे. दुबईला पुण्याहून थेट विमान मिळतं. व्हिसा निघण्याआधी काढावा लागतो आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

अंगावर काय घालायचं, सोबत काय घ्यायचं?

घोटा झाकणारे बूट. चप्पल, सँडल घालून आलेल्याला मी गाडीला हात लावू देत नाही, कारण वर सांगितलंय. पूर्ण पँट, पूर्ण बाह्या. डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल, कारण पुढच्या गाडीची सगळी वाळू तुमच्याच डोळ्यांत येणार. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा. तोंडाला सुती पंचा, आपला साधा. ओढणी किंवा लांब मफलर असेल तर टोकं जॅकेटच्या आत खोचा, चाकात जायला वेळ लागत नाही. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि आपल्याला घाम येतच नाही असं वाटत राहतं. मी लिंबू, मीठ, साखर घेऊन जातो.

खायला भडंग न्या. वाळवंटात संध्याकाळी भडंग, कांदा, लिंबू यासारखं काही नाही. कांदी पेढे नेले होते ते तंबूवाल्यालाच एवढे आवडले की दुसऱ्या दिवशी आमचा चहा फुकट.

दुबईला दिवाळीचा फराळ नेला तर चालेल ना?

अनारसे नेऊ नका. चेष्टा नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, आणि अनाऱ्शाला ती लावलेलीच असते. मसाल्याच्या डब्यातलीही काढून ठेवा. चकली, शेव, शंकरपाळी न्या. औषधं नेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, तिथे काही औषधांवर निर्बंध आहेत.

आयोजक चांगला की वाईट, कसं ओळखायचं?

पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी बघतो मी. हेल्मेटचा पट्टा लागतो का? टायर चारही सारखे दबलेत का? गाडी सुरू करून इंजिन बंद करायचं लाल बटण दाबून बघू देतो का? आणि गाईड स्वतःच्या वेगळ्या गाडीवर पुढे असतो, की तुमच्याच मागे बसून ‘भगाओ भगाओ’ करतो?

दर मिनिटावर असतो, किलोमीटरवर नाही, हे लक्षात ठेवा. एका ठिकाणी आम्ही अर्ध्या तासाचे पैसे आगाऊ दिले. घड्याळ लावलं होतं म्हणून कळलं, बारा मिनिटांत फेरी संपली. विचारलं तर म्हणे, ‘हेल्मेट घालायला, समजवायला वेळ गेला ना.’ समजवलं होतं एक वाक्य. त्या दिवसापासून मी विचारतो: वेळ गाडी हलल्यापासून की पैसे दिल्यापासून? प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा बघा, उत्तर तिथेच मिळतं.

ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हे येतं का?

बरेचदा येत नाही. साहसी खेळ वगळल्याची एक ओळ आत कुठेतरी असते. पॉलिसी घेताना क्वाड बाईक किंवा एटीव्ही हे शब्द उच्चारून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आयोजक ज्या कागदावर सही घेतो तो त्याच्या बचावाचा असतो, तुमचा विमा नव्हे.

इथेच सराव करता येईल का? प्रीतिसंगमावर वाळू आहेच की.

नको. नदीचं पात्र ही काही खेळायची जागा नाही, आणि उपशाने पडलेले खड्डे पाण्याखाली, गाळाखाली दिसत नाहीत. शिवाय ती वाळू वेगळी. कृष्णेची वाळू पाण्याने वाहून आलेली, जाडसर, कोनेदार. ती एकमेकांत अडकते, म्हणून स्लॅबला चालते. वाळवंटातली वाळू वाऱ्याने हजारो वर्षं घासून गोल गुळगुळीत झालेली असते. गवंड्याला दिली तर तो फेकून देईल. दुबईसारख्या ठिकाणीही बांधकामाला बाहेरून वाळू आणावी लागते ती याच कारणाने. त्या गोल दाण्यांवर चाक घसरतं, नदीच्या वाळूवर ते कळणारच नाही.

माणदेश, आटपाडी, जत कोरडे असले तरी वाळवंट नव्हेत. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास तरी पाऊस होतो, जैसलमेरला दोनशेच्या आतबाहेर. आणि माळ दगडी. पाचगणी-महाबळेश्वरकडे साहसी खेळांच्या काही पार्कांत क्वाड मिळतात. मातीचा ट्रॅक असतो, वाळू नाही, पण अंगठा आणि पाय यांचा सराव तिथे नक्की होतो. माझं मत, जाण्याआधी एक रविवार तिथे घालवाच.

या गाड्यांनी वाळवंटाचं नुकसान होत नाही का?

होतं. वाळवंट ओसाड दिसतं, पण ओसाड नसतं. सेवण नावाच्या गवताचे गड्डे वाळू धरून ठेवतात, त्यावर तिथली गुरं जगतात. सरडे आणि कोल्हे बिळात असतात. झुडपांच्या पट्ट्यातून गाडी घातली की ते सगळं मोडतं. मोकळ्या, हलत्या वाळूवरचे माग मात्र वारा एका रात्रीत पुसतो. फिरायचं तर तिथेच.

समच्या आजूबाजूला सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क पसरलंय. माळढोकाचा उरलासुरला मोठा आधार तेच. जगात दीडशेसुद्धा उरले नसावेत असा अंदाज आहे. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला याच पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, आणि तिथे तो आता जवळजवळ दिसत नाही. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी. एखाद्याने ‘आत नेतो, पक्षी दाखवतो’ म्हटलं तर हात जोडा.

तिथे एक काटेरी झाड सारखं दिसतं, खेजडी. ती म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण आपट्याची पानं लुटतो पण पूजा शमीची करतो ना, तीच. जोधपूरजवळ खेजडली गावात १७३० मध्ये ही झाडं तोडू नयेत म्हणून अमृतादेवींसह बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी प्राण दिले. तिकडच्या केर-सांगरीच्या भाजीतली सांगरी म्हणजे याच झाडाच्या शेंगा. हे सांगितल्यापासून आमच्या टोळीतलं कुणी खेजडीच्या जवळून गाडी घालत नाही. सांगलीच्या पोरांना ‘सांगरी’ हा शब्द मात्र तीन दिवस पुरला.

उंट समोर आला तर इंजिनचा आवाज कमी करून लांबून जा. भोंगा नको. बिथरलेल्या उंटावरचं कुटुंब खाली पडताना मी पाहिलंय.

फोन हातात धरून व्हिडिओ काढता येईल का?

अंगठा रेसवर, बोटं ब्रेकवर. तिसरा हात असेल तर काढा. फोन चेनच्या खिशात, चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी. ती बारीक वाळू एकदा आत गेली की निघत नाही.

आईवडील सोबत असतील तर त्यांनी काय करायचं?

उंटगाडी असते, उंटाच्या पाठीपेक्षा बरी. खाली गादी टाकलेली, चढायला सोपी. तासभर धोऱ्याच्या कडेने फिरवतात. सूर्य बुडेपर्यंत एखाद्या उंच धोऱ्यावर सतरंजी टाकून बसवा, शाल आणि थर्मास देऊन.

माझी आई गेल्या खेपेला होती, वय चौऱ्याहत्तर. माझ्या उड्या बघत शांतपणे भडंग खात बसली. मी गाडी लावून वर आलो तर म्हणाली, “झालं का? आता ती गाडी दुसऱ्या कुणाला तरी दे. आणि पाय दाखव तो, मागच्या वेळचा. उंटावरून उतरताना म्हणे.”